आकाशातले ठिपके

काशीहून परत येऊन फोटो संगणकाच्या मोठ्या पडद्यावर उघडले, की घाट, नावा, आरतीचे दिवे हे सगळं नंतर. आधी नजर जाते ती आकाशातल्या ठिपक्यांवर. करडे, कडा विरलेले, शंभर फोटोंत शंभर वेळा त्याच जागी बसलेले. एखादा वळलेल्या केसासारखा लांबट. मग माणूस लेन्स पुढून पुसतो, मागून पुसतो, पुन्हा फोटो काढतो. ठिपके जिथल्या तिथे.

असे ठिपके पुण्या-मुंबईच्या फोटोंतही असतात, पण तिथे ते झाडांच्या पानांत नाहीतर इमारतींच्या खिडक्यांत खपून जातात. काशीत खपत नाहीत, याला गंगा जबाबदार आहे. इथे ती उत्तरेकडे वाहते. चौऱ्याऐंशी घाट सगळे पश्चिम काठावर, पूर्वेला तोंड करून बसलेले; आणि समोरच्या काठावर नुसती रेती. सूर्य त्या रेतीवरून वर येतो. जानेवारीत तर धुकं, नदी आणि आकाश एकाच दुधाळ रंगाची होतात आणि फोटोचा वरचा बराचसा भाग कोरा राहतो. त्यात जवळची नाव आणि पलीकडची रेती दोन्ही स्पष्ट यावीत, सूर्याची किरणं ताऱ्यासारखी फाकावीत, म्हणून जो तो ॲपर्चर बारीक करून एफ/१६ किंवा एफ/२२ वर नेतो. कोरं आकाश आणि बारीक ॲपर्चर, सेन्सरवरची धूळ शोधायची ठरलेली चाचणी हीच आहे. काशीचा सूर्योदय टिपणारा प्रत्येक जण ती नकळत करून बसतो.

धूळ लेन्सवर नसते हे एकदा कळलं, की पुढचा गैरसमज म्हणजे ती सेन्सरवर असते. खरं तर तिथेही नसते. सेन्सरच्या संवेदनशील पृष्ठभागासमोर एक-दोन मिलिमीटर जाडीचा काचेच्या गाळण्यांचा थर असतो. अवरक्त किरण अडवणारी गाळणी त्यातच असते. धूळ बसते ती या काचेच्या बाहेरच्या बाजूला. फोटोत दिसते ती तिची सावली. आणि सावली कधी पडते, कधी पडत नाही, हे समजून घ्यायला घाटाइतकी चांगली जागा नाही.

संक्रांतीला इकडे खिचडी म्हणतात. त्या दिवसांत घाटांच्या गच्च्यांवरून आणि समोरच्या रेतीवरून पतंग उडत असतात. पतंग नुकताच हातातून सुटला, की त्याची सावली रेतीवर ठळक पळताना दिसते. तो वर गेला की सावली फिकट होते, पसरते आणि मग नाहीशी होते. पतंग तर अजून उन्हातच आहे, मग सावली गेली कुठे? सूर्य हा बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे, हे त्याचं कारण. पतंग लांब गेला की त्याच्या कडांवरून थाळीचा उरलेला प्रकाश खाली पोचतो आणि सावली धुऊन काढतो. अर्ध्या मीटरचा पतंग सावलीच्या जागेपासून चौपन्नएक मीटरपलीकडे गेला, की त्याला पूर्ण गडद सावली उरतच नाही. रुंदीच्या साधारण १०८ पट अंतर. (१०८ हा आकडा काशीत उच्चारला की लगेच कोणीतरी जपमाळ काढतं. आपण भूमितीपाशीच थांबू.)

कॅमेऱ्याच्या आत असाच खेळ चालतो. लेन्समधलं ॲपर्चर म्हणजे सूर्याची थाळी, धुळीचा कण म्हणजे पतंग आणि सेन्सर म्हणजे रेती. ॲपर्चर एफ/२.८ वर सताड उघडं असलं, की ही थाळी प्रचंड मोठी होते. ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडा लहान कण घेऊ, आणि काचेची जाडी दीड मिलिमीटर धरू. एफ/२.८ ला त्याची सावली अर्ध्या मिलिमीटरहून जास्त पसरते आणि एक टक्काही काळोख करत नाही. फोटोत काहीच दिसत नाही. तोच कण, तीच जागा. ॲपर्चर एफ/२२ करा. आता पसरट कड ०.०७ मिलिमीटरच्या आत येते आणि सावलीचा मध्य जवळपास निम्मा प्रकाश गिळतो. छत्तीस मिलिमीटर रुंदीच्या फुल फ्रेम सेन्सरवरचा फोटो भिंतीवर लावायला नव्वद सेंटिमीटर रुंद छापला, तर हा डाग अडीच-तीन मिलिमीटरचा होतो. पाहुणा येतो आणि विचारतो, हा पक्षी कुठला?

म्हणून लग्नात, चेहऱ्यांचे फोटो काढताना, एफ/२ किंवा एफ/४ वर काम करणाऱ्याला आपल्या सेन्सरवर काय काय साचलंय याचा वर्षानुवर्षं पत्ता नसतो. तो काशीला येतो, एफ/१६ लावतो, आणि काशीने आपला कॅमेरा बिघडवला म्हणून हळहळतो. निम्मी धूळ तो घरूनच घेऊन आलेला असतो.

फिल्मच्या काळात ही भानगड वेगळी होती. सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्याच दशकात त्याने बनारसचे घाट टिपले. तेव्हा काचेवर ओलं, चिकट कोलोडियन ओतून ती काच वाळायच्या आत तंबूत फोटो धुवावा लागे. उडालेला कण तिच्यावर चिकटला की धूमकेतूसारखा शेपटीवाला डाग पडे. पण पुढची काच नवी. रघुवीर सिंह यांचं बनारसवरचं पुस्तक १९८७ चं, रंगीत फिल्मचं. तिथेही प्रत्येक चौकटीला फिल्मचा कोरा तुकडा पुढे सरकायचा आणि आधीचा कण बरोबर घेऊन जायचा. धूळ अंधाऱ्या खोलीत परत भेटायची, ती निगेटिव्हवर बसून कागदावर पांढरा ठिपका उमटवायची. मग स्टुडिओतला रिटचर अगदी बारीक कुंचला ओठांनी टोकदार करून तो ठिपका करड्या रंगाने बुजवत बसायचा. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र काच एकच. हजार फोटो तिच्यातूनच जायचे, आणि एक कण हजार फोटोंत हजेरी लावायचा.

आता काशीची धूळ. तिला सरसकट धूळ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि सफाई करणाऱ्याचं नुकसानही.

शिंदे घाटावरून कललेलं रत्नेश्वर मंदिर टिपणाऱ्यांची सकाळी गर्दी असते. हा घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधला आणि स्वतःच्याच वजनाने तो खचला. त्याच्या दक्षिणेला लागूनच मणिकर्णिका. तिथल्या चितांचे फोटो कोणी काढू नयेत आणि काढूही देत नाहीत, ते योग्यच आहे. पण वारा तिकडून वाहिला की राख न विचारता इकडे येते. लाकडाची राख भुसभुशीत असते, हलकी असते आणि तिच्यात पोटॅशियम-कॅल्शियमचे क्षार असतात. ते हवेतली ओल ओढून घेतात. कोरडी असेपर्यंत राख फुंकरीने उडते. एकदा धुक्यात भिजून पुन्हा सुकली, की काचेला लेपासारखी धरते. आणि ती मऊ आहे असं समजून पुसायला जाऊ नये. राखेनं भांडी का घासत, हे आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं.

रेतीचा स्वभाव याच्या उलट. समोरच्या काठावरची रेती हिमालयातून आलेली. तिच्यात अभ्रकाच्या चकाकणाऱ्या पापुद्र्यांबरोबर मुख्यतः गारगोटीचे कण असतात. कठिणतेच्या मोजपट्टीवर गारगोटी ७ आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे असा एक कण कापडाखाली सापडला आणि आपण जोर लावला, तर काचेवर ओरखडा ठरलेला. रेती कधी चिकटत नाही, ती उडवायची असते. तिला पुसणं हा सेन्सरचा सर्वांत महाग अपघात.

फाल्गुनात रंगभरी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मणिकर्णिकेवर मसान होळी खेळली जाते, चिताभस्माची. देशोदेशीचे फोटोग्राफर कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळून त्या गर्दीत घुसतात. भस्माबरोबर गुलालही उडतो. गुलालाचा आधार बहुधा पिठूळ असतो. मक्याच्या स्टार्चचा कण पाच ते पंचवीस मायक्रॉनचा, आणि त्याच्यावर रंग चढवलेला. यातले बरेचसे रंग अल्कोहोलमध्ये विरघळतात. म्हणजे गुलाल न उडवता थेट अल्कोहोलने ओलं पुसायला घेतलं, तर ठिपक्याचा ओघळ होतो. पावसाळ्यानंतरची गोष्ट आणखी निराळी. पूर ओसरला की घाटांवर गुडघा-गुडघा गाळ राहतो, तो पंपाच्या धारेने नदीत लोटतात, आणि उरलेला सुकून ऑक्टोबरच्या उन्हात उडू लागतो. हा गाळ इतका बारीक असतो की कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन त्याला अडवत नाही.

आत शिरायची वाट बहुतेक वेळा आपणच उघडतो, लेन्स बदलताना. पण आणखी एक वाट आहे. पुढे-मागे सरकणारी झूम लेन्स हा लोहाराचा भाता असतो. लांब केली की बाहेरची हवा आत ओढते, आखूड केली की आतल्या आत ढकलते. घाटावर दिवसभरात हा भाता किती वेळा हलतो ते मोजा. शिवाय लेन्सच्या मागच्या टोपणाकडे कोणाचंच लक्ष नसतं. ते खिशात जातं, खिशातला भुसा घेऊन लेन्सवर बसतं, आणि लेन्स कॅमेऱ्यावर. मी लेन्सपेक्षा टोपणं जास्त वेळा झटकतो.

कण इतका हलका, तर कॅमेरा उलटा धरून हलवला की का पडत नाही? घरातला छताचा पंखा आठवा. उन्हाळाभर गरगर फिरतो, तरी पात्यावर धुळीचा थर बसतोच. दोन गोष्टी होतात. वाहत्या हवेचा पृष्ठभागाला अगदी लागून असलेला पातळ थर जवळजवळ स्थिर असतो, आणि बारीक कण त्याच्या आडोशाला बसतो. दुसरं, कण लहान होताना त्याचं वजन आणि त्याची पकड सारख्या प्रमाणात घटत नाहीत. व्यास निम्मा झाला तर वजन आठवा हिस्सा उरतं, पकड मात्र निम्मीच होते. दहा मायक्रॉनच्या कणाला काचेशी धरून ठेवणारं रेणूंमधलं आकर्षण त्याच्या वजनाच्या हजारो पट भरतं. त्यात स्थिर विजेची भर, आणि ओल असेल तर कण आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा सूक्ष्म सांधा. जानेवारीत पहाटेच्या थंडीतून आलेला कॅमेरा तसाच हीटरच्या खोलीत उघडला, की हा सांधा आपणच घालतो. बॅग बंद ठेवून तासभर धीर धरला तर दव बॅगेवर बसतं, कॅमेऱ्यावर नाही.

या पकडीवर कॅमेरा कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे काचेलाच थरथरवणं. ऑलिंपसच्या ई-१ ने २००३ मध्ये हे पहिल्यांदा आणलं: सेन्सरपुढची काच ध्वनीच्या ऐकू येणाऱ्या मर्यादेपलीकडे, सेकंदाला तीस हजारांहून अधिक वेळा थरथरते आणि झटकलेली धूळ खाली चिकट पट्टीवर पडते. कॅननने २००६ च्या ४००डी मध्ये असंच काहीसं दिलं आणि मग ते सगळीकडे आलं. कोरड्या धुळीला हे पुरतं. काशीतल्या भिजून सुकलेल्या राखेपुढे ते हात टेकतं. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत लेन्स काढली की सेन्सर थेट उघडा पडतो. म्हणून कॅननच्या ईओएस आर ने २०१८ मध्ये कॅमेरा बंद करताच शटरचा पडदा पुढे सरकवून ठेवायची सोय केली. त्या पडद्याला मात्र बोट लावू नये, तो धुळीपेक्षा नाजूक असतो.

धूळ नेहमी बाहेरूनच येते असंही नाही. २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी६०० च्या फोटोंत लोकांना ठिपके दिसू लागले, तेही एका कोपऱ्यात जास्त. आधी सगळ्यांनी एकमेकांना लेन्स नीट बदलायला शिकवलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीनेच सूचना काढली, आणि २०१४ मध्ये शटर बदलून देण्यापर्यंत गोष्ट गेली. शटरकडून उडणाऱ्या अशा तेलकट कणांना ना फुंकर हलवते ना थरथर. ते फक्त ओल्या पुसण्याने जातात.

ही सफाई मी स्वतः शिकलो तो चुकून. दुर्गाघाटाच्या मागे, जिथे अजून मराठी कानावर पडतं अशा एका गल्लीत एका जुन्या घरी उतरलो होतो. पहिल्या वेळी कॅमेऱ्याचा आरसा वर करून तोंडानेच फुंकर मारली. धूळ गेली, आणि तिच्या जागी थुंकीचे तीन बारीक गोल सुकून बसले. दुसऱ्या खेपेला शहाणपण आलं होतं, सामानही. ओटीवर लॅपटॉप, कॅमेरा, रबरी ब्लोअर मांडून बसलो, तेवढ्यात घरच्या काकू देवघरातून डोकावल्या.

“काय रे, घड्याळ दुरुस्त करतोस की काय?”

“नाही काकू, कॅमेऱ्यातली धूळ काढतोय. जरा अगरबत्ती थोडा वेळ थांबवाल का?”

“देवाची अगरबत्ती थांबवायची? तूच जा वर माडीवर.”

त्यांचं बरोबरच होतं. मी वर गेलो. अगरबत्तीचा धूर म्हणजे चिकट तेलाचे अतिसूक्ष्म थेंब, आणि माझ्या हातातल्या बाटलीत मिथेनॉल. ते विषारी असतं आणि पेटतंही. माडीवर खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, लोकरी स्वेटर काढून ठेवला.

आधी बॅटरी पूर्ण भरलेली आहे हे बघायचं. सफाईच्या मेनूत गेलं की आरसा वर जातो आणि शटर उघडं राहतं. मध्येच बॅटरी संपली तर दोन्ही तुमच्या हातातल्या काडीवर आपटतात. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, ब्लोअरचं टोक आत न घालता दहा-बारा झटके. डब्यातली दाबाची हवा वापरू नये, तिच्यातला द्रव फवारून काचेवर बसतो. मग लॅपटॉपवर कोरा पांढरा पडदा लावला, लेन्स मुद्दाम अस्पष्ट ठेवली, एफ/२२, आयएसओ १००, आणि कॅमेरा हलवत एक फोटो. अकरा ठिपके. ब्लोअर पुन्हा. सहा. आणखी एकदा. सहाच. म्हणजे हे सहा चिकटलेले.

इथे दिशेचा घोळ होतो. फोटोत वर डावीकडे दिसणारा कण, कॅमेऱ्यात समोरून डोकावलं, तर खाली डावीकडे सापडतो. लेन्स चित्र उलटं करते हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपण सेन्सरकडे समोरून बघतो, त्यामुळे डावं-उजवं परत सरळ होतं आणि वर-खालीच तेवढं उलटं राहतं.

फुल फ्रेम सेन्सर चोवीस मिलिमीटर उंच, आणि त्यासाठीचा स्वॅबही चोवीस मिलिमीटर रुंद. प्लास्टिकची चपटी दांडी, टोकाला धागे न सुटणारं कापड. त्याच्या कडेला दोन थेंब, कापड शोषून घेईपर्यंत थांबायचं. जास्त झालं तर द्रव काचेच्या कडेतून आत ओढला जातो. डाव्या कडेला टेकवून, पेन धरतो तेवढ्याच दाबाने, एका दमात उजवीकडे. दांडी दुसऱ्या बाजूला कलती करून त्याच वाटेने परत. उचलायचा आणि टाकून द्यायचा. हात थांबला तर रेघ राहते, आणि तोच स्वॅब दुसऱ्यांदा फिरवला तर उचललेली रेती फिरते. ज्या कॅमेऱ्यांत हात हलल्याची भरपाई करायला सेन्सरच तरंगता ठेवलेला असतो, तिथे तो हाताखाली डुलतो. पहिल्या वेळी छातीत धस्स होतं. दाब आणखी कमी ठेवायचा, इतकंच.

कापडावर एक करडी रेघ आली होती. खिडकीपाशी नेऊन बघितली, राख असावी.

खरं सांगायचं तर एवढा खटाटोप वारंवार करायचा नसतो. चार-दोन ठिपके असतील तर सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोतले मिटवून तीच दुरुस्ती उरलेल्या दोनशे फोटोंना लावता येते, कारण जागा तीच असते. फक्त घाई करू नये. हिवाळ्यात गंगेवर कुरवांचे थवे असतात, नावाडी त्यांना साइबेरियन म्हणतात, आणि पर्यटक नावेतून त्यांना शेव फेकतात. ठिपके मिटवण्याच्या भरात मी एकदा अख्ख्या थव्यातले सात कुरव पुसून टाकले होते.

आता लेन्स लावून गच्चीवर आलो. चार वाजले होते. आकाश पांढुरकं, कोरं. एफ/२२ वर एक फोटो काढला, मागच्या पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत पाहिला. स्वच्छ. आणि मग वर उजवीकडे एक ठिपका. काळा, बारीक. काकू जिन्यातून चहा घेऊन वर येत होत्या. “झालं का रे तुझं?” म्हणाल्या. मी न बोलता कॅमेरा तसाच धरून दुसरा फोटो काढला आणि दोन्ही आलटून पालटून बघितले. दुसऱ्यात ठिपका बोटभर डावीकडे सरकला होता, आणि त्याला शेपूट होती. खालच्या गच्चीवर एक पोरगा चकरीवर मांजा सोडत होता.